उकंडरावाच्या शपथा

माझा थोरला भाऊ उकंडराव आयुष्यभर सुधारत राहिला. ज्यांनी कधी परक्या बाईकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, चिलमीला तोंड लावलं नाही, अशी माणसं आमच्या उंद्रीत पुष्कळ होती. त्यांना कोणी हार घातला नाही. हार पडले ते उकंडरावाच्या गळ्यात. सोडायला आधी धरावं लागतं, आणि धरण्यात तो कधी मागे हटला नाही.

आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मिरची, मेथी, विहिरीला बारा महिने पाणी. उकंडच्या आधी आईची तीन मुलं गेली होती, म्हणून चौथ्याला जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवलं, परत उचलून आणलं आणि नावही तेच दिलं. तो जगला. पुढच्या सगळ्या लाडांना त्याचं हे एवढं कर्तृत्व पुरलं. मी त्याच्यानंतर सहा वर्षांनी झालो. मला जगवायला कोणाला काही करावं लागलं नाही, त्यामुळे माझ्याकडे कोणी फारसं पाहिलंही नाही. मी शिकलो आणि गावच्याच शाळेत मास्तर झालो.

त्याची पहिली शपथ एकोणिसाव्या वर्षाची. मळ्याखालून नाला वाहतो. तिथं बाया धुणं धुवायच्या, आंघोळी करायच्या, आणि उकंड काठावरच्या ज्वारीत पालथा पडून त्यांना बघायचा. एके दिवशी सोजराबाई नावाच्या विधवेला ज्वारी हलताना दिसली. रानडुक्कर समजून तिनं दगड भिरकावला. डुक्कर "अवं माय" म्हणून ओरडलं. ओल्या लुगड्यानिशी तिनं त्याचा कान धरला आणि भर गावातून ओढत आमच्या दारात आणून उभा केला.

"भगवंतराव, हे तुमचं जनावर बांधून ठेवा," ती बाबांना म्हणाली. "पुढच्या टायमाले दगड नाई, कोयता राहीन माह्या हाती."

बाबांनी त्याला शेगावला नेलं, महाराजांच्या समाधीपुढे डोकं टेकवून परत बायांकडे बघणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. उकंड ढसाढसा रडला. रडणं त्याला छान जमायचं. परतताना बाबांनी ठरवून टाकलं की लग्न केलं म्हणजे पोरगा ठिकाणावर येईल. दोन महिन्यांत रोहिणखेडची गोजर आमच्या घरात आली. चौदा वर्षांची, सावळी, कमी बोलणारी. पोरगी घरात आणली ती औषध म्हणून, आणि रोगी आवडला का असं औषधाला कोणी विचारत नाही.

रोग्यानं काही दिवस औषध घेतलं आणि मग पथ्य मोडलं. तंबाखू, तंबाखूमागून चिलीम, चिलमीमागून खामगाव. भाजीची गाडी घेऊन बाजाराला जायचा तो दोन-दोन दिवस परतायचा नाही. आला की अंगाला अत्तराचा वास आणि बोलण्यात फार गोडवा. बाबा गेल्यावर तर त्याला विचारणारंच कोणी उरलं नाही. मळा गोजरवयनी पाहायची. वांगी तोडायची ती, मोट हाकणाऱ्या गड्याला भाकर न्यायची ती, आणि गावात लोक म्हणायचे की उकंडरावाचा मळा काय पिकतो.

धाकट्या पोरीच्या वेळी वयनीला कळा सुरू झाल्या तेव्हा आईनं मला त्याला आणायला खामगावला धाडलं. मी विचारत विचारत एका माडीवर गेलो. तो लोडाला टेकून बसला होता, शेजारी एक बाई सुपारी कातरत होती. मला पाहून तो जराही शरमला नाही.

"तू हो पुढं," म्हणाला, "मी आलोच."

तिसऱ्या दिवशी आला, जिलबीचा पुडा घेऊन. वयनी बाजेवर पोर घेऊन पडली होती. तिनं पुडा हातात घेतला, उठली, भिंतीला धरत गोठ्यापर्यंत गेली आणि सगळी जिलबी बैलांपुढे टाकली. बैलांनी ती चवीनं खाल्ली. तोंडातून मात्र तिनं अक्षर काढलं नाही, आणि त्याला वाटलं, चला, मिटलं.

त्याची दुसरी शपथ महाराष्ट्राबरोबरच जन्माला आली. साठ सालच्या मे महिन्याच्या एक तारखेला शाळेपुढे झेंडा लागला, सरपंच शेषरावांचं भाषण झालं. भाषण संपतं न संपतं तोच उकंडराव उठला, खिशातून चिलीम काढली आणि झेंड्याच्या चौथऱ्यावर आपटून तिचे तुकडे केले.

"राज्य नवं झालं," तो गहिवरून म्हणाला, "आजपासून उकंडराव बी नवा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेषरावांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. मी शाळेचा मास्तर, झेंड्याची दोरी धरून उभा होतो. मला ठाऊक होतं ते गावाला ठाऊक नव्हतं. महिन्यापूर्वी त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं होतं, आणि डॉक्टरनं सांगितलं होतं की चिलीम ओढलीस तर वर्ष काढणार नाहीस. आणि खामगावच्या त्या बाईनं दुसऱ्या कोणाशी पाट लावून माडी सोडली होती. दार बंद झालं तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, मी आत जाणं सोडलं.

तरी त्या शपथेनं त्याला असं काही दिलं, जे चिलमीनंही दिलं नव्हतं. गावात ग्रामसुधार मंडळ निघालं आणि त्याचा अध्यक्ष उकंडराव. तो पांढरी टोपी घालू लागला, गळ्यात तुळशीची माळ आली. आसपासच्या गावांतून व्याख्यानाची बोलावणी येऊ लागली. विषय एकच, मी कसा बिघडलो आणि कसा सुधारलो. सुधारलो हे शेवटच्या पाच मिनिटांत उरकायचं. त्याआधी तासभर तो बिघडलेला असायचा. माडीचा जिना, जिन्यावरचा वास, पैंजण, नाल्याकाठची ज्वारी, सगळं इतकं रंगवून सांगायचा की पुढे बसलेल्या बाप्यांचे श्वास थांबायचे. मागं बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून उठून जायच्या. मीही ऐकायला जायचो. पहिल्या रांगेत बसायचो. भाऊ म्हणून जावं लागतं, असं मी माझ्या बायकोला सांगत असे.

आणि मग सहासष्ट सालचा तो उन्हाळा.

मळ्यावर मनकर्णा नावाची बाई मजुरीला यायची. नवरा सर्पदंशानं गेलेला, पदरात एक पोरगी. मेथीच्या जुड्या बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका दुपारी वयनी घरी भाकरी टाकायला गेली असताना उकंडरावानं मनकर्णेला खोपीतून दोर आणायला सांगितलं आणि आपणही मागोमाग आत शिरला. अध्यक्ष तेव्हा पन्नास वर्षांचे होते. पुढे काय झालं ते अर्ध्या घटकेत संपलं, कारण मनकर्णेनं त्याच्या उजव्या हाताचा असा कडकडून चावा घेतला की अंगठ्याखालचं मांस लोंबू लागलं.

हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो गावात आला. पारावर माणसं बसली होती. रक्त पाहून सगळे धावले.

"काय झालं, उकंडराव?"

"कुत्रं चावलं."

हे एवढं बोलून तो सुटला असता, पण शेषराव सरपंच कर्तव्यदक्ष माणूस. "कोणतं कुत्रं? पिसाळलेलं तं नाई?"

मारुतीच्या देवळापुढे एक तांबडं कुत्रं कायम पडलेलं असायचं. म्हातारं, एका डोळ्यानं अधू. शाळेतली पोरं त्याच्या पाठीवर पाटी टेकून लिहायची तरी ते हलायचं नाही. उकंडरावानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्याकडे बोट केलं.

"ते."

चार जणांनी काठ्या घेतल्या. कुत्र्याला वाटलं, भाकर टाकायला आले. ते शेपटी हलवत उठलं. मी शाळेच्या पायरीवर उभा होतो. त्या वेळी मला खोपीतलं काही माहीत नव्हतं, पण ते कुत्रं चावणारं नव्हे एवढं मला पक्कं माहीत होतं. मी काही बोललो नाही. पुढेही पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की सगळं फार झटकन झालं.

उकंडराव घरी पोहोचला तेव्हा दारात निम्मं गाव. तिकडे मनकर्णेनं वयनीला वाटेतच गाठून सगळं सांगितलं होतं, आणि ती उलट पावली घरी आली होती. शेषराव म्हणाले, "वयनी, कुत्रं तं मारलं. आता ते पिसाळलेलं होतं का नव्हतं, कसं कळन?"

वयनीनं हाताची जखम नीट पाहिली. वरच्या दातांची एक ओळ, खालच्या दातांची एक ओळ. मग तिनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"पिसाळलेलंच होतं," ती म्हणाली. "न्या त्याईले दवाखान्यात. चौदा सुया लागतेत म्हन्ते पोटात. एक बी चुकवू देऊ नका."

"अवं, कायले?" उकंडराव घाबरून म्हणाला. "हयद लावली का बरं होईन."

"असं कसं? अध्यक्ष हाय तुमी गावचे. भुकू लागले तं लोकाईनं काय करावं?"

चौदा दिवस तो रोज एस.टी.नं बुलढाण्याला गेला. सरपंचांनी सोबत माणूस दिला होता, त्यामुळे चुकवायची सोय नव्हती. त्या काळच्या सुया म्हणजे दाभणं, बेंबीच्या भोवती एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. पोट फणसासारखं सुजलं. रोज संध्याकाळी कण्हत यायचा, पालथं झोपता यायचं नाही, उताणं झोपता यायचं नाही. आणि खरं बोलून सुया थांबवण्याची सोय चौदाही दिवस त्याच्या हातात होती. नाही बोलला.

पाचव्या-सहाव्या सुईला वयनीनं मला खरी गोष्ट सांगितली. सांगताना एकदाच तिचा आवाज कापला, तोही नवऱ्यासाठी नव्हे. "भाऊजी, कुत्र्याचं मले मागून कळलं. मी येईपरेंत मारून टाकलं होतं त्याईनं. वाचतं तं बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी मी मळ्यावर गेलो. मनकर्णेला धीर द्यावा, भावाच्या वतीनं दोन शब्द बोलावेत, म्हणून. ती वाफ्यात बसून मेथी उपटत होती. मी म्हणालो, घाबरू नको, काय झालं ते मला सांग. तिनं खाली मान घालून सांगितलं. मी म्हणालो, नीट सांग, त्यानं आधी काय केलं? तिनं परत सांगितलं. मी विचारलं, हात कुठं लावला? दंडाला का आणखी कुठं? मग लुगडं फाटलं का? तू काय म्हणालीस? तो काय म्हणाला?

"मास्तर," ती म्हणाली, "दोनदा सांगतलं न मी."

मी मान वर केली तर बांधावर वयनी उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिच्या हातात पाण्याची कळशी होती. नवऱ्याच्या जखमेकडे पाहताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं तेच माझ्याकडे पाहताना होतं, तसूभरही कमी नाही.

"घरी जा, भाऊजी," ती म्हणाली. "इथं कोनाले चौकशी नाई पायजे."

मी परत निघालो. वाटेत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. मी शिकलेला, निर्व्यसनी, एकपत्नी. मी कधी कोणाच्या अंगाला हात लावला नाही. हे सगळं खरं होतं. आणि मनकर्णेनं सांगितलेलं मी चालता चालता तिसऱ्यांदा ऐकत होतो, हेही खरं होतं.

अशी गोष्ट गावात दडून राहत नाही. मनकर्णेचा दीर पारावर काहीतरी बोलला, बाया विहिरीवर दातांच्या ओळींबद्दल बोलू लागल्या. ते कानावर येताच उकंडरावानं आपला एकमेव उपाय काढला. त्यानं जाहीर केलं की येत्या पौर्णिमेला चावडीवर सत्यनारायण घालून आपण आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेणार. गावानं लगेच दातांच्या ओळी बाजूला ठेवल्या. पन्नाशीत ब्रह्मचर्य म्हणजे केवढा त्याग, असं शेषराव चारचौघांत म्हणाले. चिखलीहून भटजी ठरले, मांडव पडला. वयनीला बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण पूजेला जोडीनं बसावं लागतं.

ती चुलीपुढे होती. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्या नवऱ्याच्या ब्रह्मचर्याची खबर मले तुमच्याकून लागून राह्यली," ती म्हणाली. हसली नाही. "पह्यल्या शपथीले मले आनलं. दुसरीले मी हार पाह्यला. आता तिसरीले पाटावर बसू?"

"वयनी, लोक काय म्हणतील?"

"लोक चांगलंच म्हन्तीन. त्याईले तमाशा पायजे. मले वांगे तोडाचे हायेत, उद्याची गाडी हाय." मग चुलीतलं लाकूड पुढं सारून म्हणाली, "भाऊजी, तुमी खरंच सांगा. तो एखाद्या दिवशी नुसता गप बसला असता, तं मी बी काही म्हनलं नसतं."

पूजेला वयनी आली नाही. भटजींनी पोथी चाळली आणि सांगितलं की पत्नी गैरहजर असेल तर तिच्या जागी सुपारी ठेवून पूजा करता येते. शेजारच्या पाटावर तांदळाच्या मुठीवर एक सुपारी ठेवली गेली. तिला हळदकुंकू लागलं. उकंडरावानं तिच्याबरोबर संकल्प सोडला, शपथ घेतली आणि मांडवभर नजर फिरवून डोळे टिपले. बायकोनं एवढ्या मोठ्या क्षणी साथ सोडली म्हणून लोक हळहळले. सुपारी चांगली वागली. रडली नाही, बोलली नाही, उठून गेली नाही. असली बायको जन्मभर मिळाली असती तर माझा भाऊ संत झाला असता.

त्याच आठवड्यात वयनीनं आपली भांडी, जातं आणि दोन लुगडी गाडीत घातली आणि ती मळ्यावर राहायला गेली. ती भांडली नाही, पंचायत बोलावली नाही. दोन्ही पोरी सासरी होत्या, तिला कोणाला विचारायचं नव्हतं. खोपीच्या जागी मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. मनकर्णा आणि तिची पोरगीही तिथंच राहू लागल्या. गावातलं घर ब्रह्मचाऱ्याला मोकळं झालं.

पहिली दोन वर्षं त्याची बरी गेली. बोलावणी येत, जेवण बाहेर होई. पण लोकांनाही कंटाळा येतो. खामगावची माडी ऐकून ऐकून जुनी झाली, आणि ब्रह्मचर्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. शिवाय दोन-तीन ठिकाणी तो हळूच पिऊन आलेला सापडला. ग्रामसुधार मंडळ आपोआप विझलं. बहात्तरच्या दुष्काळात तर कोणाला व्याख्यान सुचत नव्हतं. तेव्हा आमच्या विहिरीला गुडघाभर पाणी उरलं होतं, आणि त्यावर वयनी चार वाफे जगवून होती. उकंडराव घरात एकटा, कच्च्या भाकरी खाऊन पोट धरून बसणारा. माझ्या घरी आठ दिवस जेवला. मग माझी बायको एकदा त्याला ताट वाढायला गेली आणि मनगट घासून धुऊन परत आली, मला म्हणाली, "उद्यापासून त्याईचं ताट तुमी वाढत जा." मी त्याला दुसऱ्या दिवशी मळ्यावर घेऊन गेलो.

वयनी मेथीच्या वाफ्यात होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत तो वाळून गेला होता, माळ मात्र गळ्यात होती.

"भुका लागल्या?" तिनं विचारलं.

"हाव."

तिनं एक खुरपं त्याच्या पुढ्यात टाकलं. "हा वाफा निंदा. मंग भाकर."

त्याला वाटलं, थट्टा आहे. तो माझ्याकडे पाहू लागला. ती आपल्या कामाला लागली. शेवटी तो उकिडवा बसला. अर्धा वाफा निंदून दमला, तर तिनं अर्धी भाकर दिली. लिंबाखाली, मजुरासारखी, कांदा आणि मिरचीचा ठेचा वर ठेवून. दुसऱ्या दिवशी तो परत आला.

तेव्हापासून तो रोज येतो. मनकर्णा मळ्याच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मधे वयनी. ती मधली जागा तिनं कधी सोडली नाही, तापात असतानासुद्धा. मी तिला एकदा विचारलं, दादा आता सुधारला वाटतं?

"कोनाले माहीत," ती म्हणाली. "निंदते बरं."

मागल्या पावसाळ्यात मी निवृत्त झालो. वेळ जाईना म्हणून एका सकाळी मळ्यावर गेलो. उकंडराव लिंबाखाली पाणी पीत बसला होता. साठी ओलांडलेला माणूस, गळ्यात आता माळही नव्हती. मी जवळ बसलो. मनकर्णेची पोरगी, आता विशीतली, डोक्यावर टोपली घेऊन समोरून गेली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, मान ताठ, जबडा आवळलेला, खांद्यावर ओझं असल्यासारखा.

"दादा," मी म्हणालो, "आता तं मन निवलं असन?"

त्यानं तांब्यातून आणखी एक घोट घेतला. मग म्हणाला, "नाई रे महादेवा. तसंच हाय. ज्वारीत पडलो होतो तवा होतं तसंच. मले वाटे, लगन झालं का जाईन. मंग वाटे, चाळीशी झाली का जाईन. मंग वाटलं, म्हातारपनी तरी आपोआप जाईन. काहीच नाई गेलं." त्यानं तांब्या खाली ठेवला. "आता फक्त कोनाले सांगत नाई."

त्याच्या तोंडून इतकं खरं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायला पुढे मांडव नव्हता. मला वाटलं, आपणही काही बोलावं. पहिल्या रांगेबद्दल, बांधाबद्दल. आत्ता टोपली समोरून जाताना मी भावाच्या डोळ्यांकडे कधी पाहिलं आणि त्याआधी कुठं पाहिलं होतं, त्याबद्दल. तोंडापर्यंत आलं. पण मी गावाचा मास्तर. आयुष्यभर नुसता दुसऱ्याचा धडा वाचून दाखवलेला.

"असं नाई बोलू, दादा," मी म्हणालो. "नामस्मरण करत जा."

तो माझ्याकडे पाहून हसला. तुच्छतेनं हसला, आणि मला राग आला नाही. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि आपल्या वाफ्याकडे गेला.

वयनीनं तिकडून हाक मारली. "भाऊजी, बसले काऊन? शेवटचा वाफा रिकामा हाय."

माझ्या पायाशी येऊन खुरपं पडलं. मी चप्पल काढली, धोतर वर खोचलं आणि ते उचललं.